साठ वर्षांनंतरही चाकच का? अतिवेगवान रेल्वे आणि तिचे स्पर्धक

प्रश्न असा आहे: जपानमध्ये चुंबकाच्या बळावर तरंगणारी गाडी ताशी ६०३ किलोमीटर वेगाने धावून दाखवते, निर्वात नळीतून ताशी हजार किलोमीटरने जाण्याच्या योजना मांडल्या जातात, आणि तरीही जगभर नवे अतिवेगवान मार्ग बांधले जातात ते पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांसाठीच. हा जुन्याला चिकटून राहण्याचा प्रकार आहे की यामागे ठोस तांत्रिक कारण आहे, आणि चाकाची मर्यादा नेमकी कुठे येते? अतिवेगवान मार्गांवरील रूळ आणि ओव्हरहेड तारा यांची मोजणी व देखभाल हे माझे सत्तावीस वर्षांचे काम आहे. त्यामुळे गाडीच्या लांबलचक नाकाविषयी मी नंतर बोलेन. गाडी ज्या दोन ठिकाणी स्थिर जगाला स्पर्श करते, म्हणजे चाकाखाली आणि छतावरच्या तारेशी, तिथून सुरुवात केली तर बाकीच्या गोष्टी समजणे सोपे जाते.

चाक आणि रूळ यांचा संपर्क बोटाच्या नखाएवढ्या, साधारण एक चौरस सेंटीमीटर जागेत होतो. युरोपात अतिवेगवान गाडीच्या एका आसावर १७ टनांपर्यंत भार मान्य आहे. म्हणजे एका चाकाच्या वाट्याला साडेआठ टन येतात आणि ते सगळे त्या नखाएवढ्या जागेतून खाली उतरतात. रात्री शेवटची गाडी गेल्यावर टॉर्चच्या उजेडात रुळाच्या माथ्याकडे पाहिले, तर त्यावर अंगठ्याहून थोडा रुंद, आरशासारखा चकाकणारा पट्टा दिसतो आणि बाकीचा माथा मंद करडा दिसतो. तो पट्टा कुठे आहे आणि किती रुंद आहे यावरून अनुभवी माणसाला पुष्कळ काही कळते. तो आतल्या कडेकडे सरकत असेल, तर चाकाचा घाट किंवा रुळाचा कल बिघडू लागला आहे, आणि दुर्लक्ष केल्यास काही महिन्यांत प्रवाशांना डबे डोलताना जाणवतील. पोलादावर पोलाद घरंगळताना विरोध इतका कमी असतो, की एक टन वजन सपाट रुळावर चालते ठेवायला एक-दोन किलो वजनाइतके बल पुरते. चाकाची सारी पुण्याई या एका गुणात आहे. त्याची किंमतही त्याच गुणात दडलेली आहे, कारण जे सहज घरंगळते ते सहज घसरते, आणि ओल्या रुळावर जास्त वेगात ही पकड फारच कमी उरते.

चाकाला वेगाची पहिली खरी अडचण आली ती वेगळ्याच बाजूने. रेल्वेचे चाक किंचित शंकूसारखे उतरते घडवलेले असते, त्यामुळे आस एका बाजूला सरकला की तो आपोआप मध्याकडे परत येतो. कमी वेगात ही सोय उत्तम असते. वेग वाढला की आस मध्य ओलांडून पलीकडे जातो, पुन्हा परततो, आणि गाडी नागमोडी डोलू लागते. मार्च १९५५ मध्ये फ्रान्समध्ये दोन विद्युत इंजिनांनी ताशी ३३१ किलोमीटरचा विक्रम केला. गाडी निघून गेल्यावर मागे राहिलेले रूळ लाटेसारखे वाकलेले होते. यावरून अनेकांनी असा अर्थ काढला की चाकाचा शेवट इथेच आहे. जपानमध्ये तादाशी मात्सुदाइरा या अभियंत्याने मात्र वेगळा अर्थ काढला. युद्धकाळात त्यांनी नौदलाच्या विमानांच्या पंखांत स्वतःहून वाढत जाणाऱ्या कंपनांचा अभ्यास केला होता, आणि रेल्वेच्या संशोधन संस्थेत आल्यावर त्यांनी ओळखले की हा दोष रुळाच्या खाचखळग्यांचा नसून गाडीच्या स्वतःच्या रचनेचा आहे, तेव्हा आसाला बोगीशी बांधणाऱ्या स्प्रिंगा आणि धक्काशोषक योग्य निवडल्यास तो हव्या त्या वेगाच्या पलीकडे ढकलता येतो. (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा गाडा.) १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका ही ५१५ किलोमीटरची तोकाइदो शिंकान्सेन, म्हणजे जपानची अतिवेगवान रेल्वे, ताशी २१० किलोमीटर वेगाने सुरू झाली, त्यात या समजुतीचा वाटा फार मोठा होता. या मार्गासाठी झगडलेले जपानी रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा या दोघांनाही खर्च वाढल्यामुळे उद्घाटनापूर्वीच पद सोडावे लागले होते, हे मला आजही चटका लावून जाते.

आता तारेकडे वळतो, कारण वेगाची चर्चा करणारे सहसा तिचा विचारच करत नाहीत. पेंटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा गाडीच्या छतावरचा सांगाडा, तारेला खालून दाबतो तेव्हा तारेत एक लाट उठते आणि ती ठरावीक वेगाने पुढे पळते. तो वेग तारेचा ताण आणि तिचे वजन यांवर ठरतो. १५० चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार ३० किलोन्यूटन ताणाने ओढली, तर लाटेचा वेग ताशी सुमारे ५४० किलोमीटर येतो. गाडीने या वेगाच्या ७० टक्क्यांच्या आत राहावे असा आमचा नियम आहे, म्हणजे हिशेब ३८० किलोमीटरच्या आसपास येऊन थांबतो. त्यापुढे गाडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या अंगावर जाऊ लागते, तार उसळते, संपर्क तुटतो आणि ठिणग्यांनी तार व पेंटोग्राफची कार्बनपट्टी दोन्ही जळतात. ३ एप्रिल २००७ रोजी फ्रान्समध्ये चाकांच्या गाडीने ५७४.८ किलोमीटरचा विक्रम केला तेव्हा तारेचा ताण मुद्दाम वाढवला होता, विजेचा दाब २५ ऐवजी ३१ किलोव्होल्ट केला होता आणि गाडीला मोठ्या व्यासाची चाके बसवली होती. तो प्रयोग अस्सल होता आणि त्यातून शिकायलाही खूप मिळाले, पण तशी व्यवस्था रोज पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालवता येत नाही.

हे रोजचे चालवणे म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मार्गावर मोजणी गाडीला प्रत्येक फेरीत एकाच खांबाजवळ तारेचा छोटा धक्का नोंदलेला दिसत होता. आकडा मर्यादेच्या आत होता, म्हणून कार्यालयाने तो बाजूला ठेवला. दरम्यान आगारात येणाऱ्या गाड्यांच्या कार्बनपट्ट्यांच्या कडा टवके उडालेल्या निघू लागल्या, आणि दोन्ही गोष्टींचा संबंध लागायला तीन आठवडे गेले. अखेर रात्रीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे गाड्या बंद ठेवलेल्या वेळात, शिडीच्या ट्रॉलीवर चढून, विजेचा पुरवठा बंद करून आणि तार जमिनीशी जोडून, मी हातमोजा काढला आणि तारेच्या खालच्या अंगावरून बोट फिरवले. तार लटकती ठेवणारी एक पकड किंचित तिरपी झाली होती आणि तिची कड तारेच्या खाली जेमतेम एक मिलिमीटर आली होती. डोळ्यांना ती दिसत नव्हती. पकड सरळ करून आवळायला पाव तास लागला. ताशी ३०० किलोमीटरला हा एक मिलिमीटर हातोड्यासारखा आदळतो, आणि ५०० किलोमीटर लांबीच्या मार्गावर अशा पकडी लाखाच्या घरात असतात. कोणत्याही नव्या तंत्राविषयी ऐकले की माझा पहिला प्रश्न हाच असतो: यातला एक मिलिमीटर कोण शोधणार, आणि रात्रीच्या चार-पाच तासांत तो दुरुस्त होणार का?

तिसरी मर्यादा हवेची आहे, आणि ती चाकाच्या व चुंबकाच्या गाडीला सारखीच लागू आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने वाढते. ३०० वरून ४०० वर गेल्यास हवेपुरती शक्ती सुमारे २.४ पट आणि दर किलोमीटरची ऊर्जा जवळपास १.८ पट होते. ३०० वरून ५०० वर गेल्यास हेच आकडे सुमारे ४.६ पट आणि २.८ पट होतात. याच्या मोबदल्यात मिळतो तो वेळ मात्र आखडत जातो. शंभर किलोमीटर अंतर २०० च्या वेगाने ३० मिनिटांत, ३०० ने २० मिनिटांत, ४०० ने १५ मिनिटांत आणि ५०० ने १२ मिनिटांत कापले जाते. पहिल्या शंभराने दहा मिनिटे वाचवली, शेवटच्या शंभराने तीन. आवाजाची गोष्ट याहून कठीण आहे. जपानमध्ये १९७५ पासून निवासी भागात शिंकान्सेनच्या आवाजाला ७० डेसिबलची मर्यादा आहे, आणि तिथल्या गाड्यांचा वेग मोटारींच्या ताकदीपेक्षा या मर्यादेनेच जास्त रोखून धरला आहे. गाडी बोगद्यात शिरताना पुढे ढकललेली हवा दुसऱ्या तोंडाशी स्फोटासारखा आवाज करते. १९९७ मध्ये ३०० किलोमीटरने धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या गाडीला १५ मीटर लांबीचे नाक दिले गेले ते त्यासाठी. पुढच्या डब्यातील अनेक आसने त्या नाकासाठी सोडून द्यावी लागली.

चाकांच्या गाड्यांमध्येही दोन घराणी आहेत, आणि त्यांच्यातील वाद चुंबकाच्या वादाइतकाच जुना आहे. जपानने पहिल्या दिवसापासून मोटारी गाडीभर वाटून दिल्या. फ्रान्सने दोन्ही टोकांना शक्तिशाली इंजिने ठेवली आणि मधल्या डब्यांची टोके सामाईक बोगीवर टेकवली. फ्रेंच रचनेत बोगी कमी लागतात, डब्यात मोटारींचा आवाज येत नाही आणि रूळ सुटला तरी गाडी साखळीसारखी एकत्र राहण्याचा कल असतो. जपानी रचनेत आसावरचा भार हलका राहतो, पकड अनेक चाकांत वाटली जाते आणि ब्रेक लावताना बहुतेक चाके विजेने थांबवता येतात. जर्मनीने १९९१ मध्ये टोकाच्या इंजिनांनी सुरुवात केली, पण २००२ मध्ये कोलोन ते फ्रँकफर्ट मार्ग उघडला तेव्हा त्यावर दर हजार मीटरला ४० मीटर असा चढ होता. तो चढायला टोकाच्या इंजिनांची पकड पुरली नसती, म्हणून त्या मार्गासाठी निम्मे आस मोटारींनी चालणारी गाडी आली. चीनने वाटून दिलेल्या मोटारींचाच मार्ग धरला. आज हा वाद जवळपास मिटला आहे असे माझे मत आहे, एक अपवाद सोडून: दुमजली गाडी. खालचा मजला प्रवाशांना दिला की मोटारी व उपकरणे लटकवायला डब्याखाली जागाच उरत नाही, म्हणून दुमजली गाड्या हव्या असलेला फ्रान्स नव्या पिढीतही टोकाची इंजिने सोडत नाही. तो हट्ट नसून जागेचा हिशेब आहे.

वळणावर डबा आत कलवणाऱ्या गाड्यांविषयी थोडक्यात सांगतो. जुन्या वळणदार मार्गावर नवे बांधकाम न करता वेळ वाचवण्याचा हा चांगला उपाय आहे, आणि इटलीने तो १९८८ पासून यशस्वीपणे वापरला. ब्रिटनच्या आधीच्या प्रयत्नात वळणाचा बाजूचा ओढा पूर्णपणे नाहीसा केला गेला, त्यामुळे डोळ्यांना वळण दिसे पण शरीराला जाणवत नसे, आणि प्रवाशांना मळमळू लागे. ओढा थोडा शिल्लक ठेवायचा असतो, हे त्यातून कळले. खऱ्या अतिवेगाच्या स्पर्धेत मात्र हे तंत्र उतरत नाही.

चाकाविषयी इतके चांगले लिहिल्यावर त्याची काळी बाजू टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे येथे अतिवेगवान गाडी रुळांवरून घसरून एका पुलावर आदळली आणि १०१ माणसे मेली. मूळ कारण एक चाक होते. जेवणाच्या डब्यात थरथर जाणवते अशी तक्रार होती, म्हणून चाकाचा गाभा आणि बाहेरची पोलादी धाव यांच्यामध्ये रबराचा थर घातलेली चाके बसवली गेली होती. रबरामुळे ती धाव प्रत्येक फेऱ्यात किंचित दबत आणि सुटत राही, आणि तिच्यात आतल्या बाजूने, म्हणजे पाहणी करणाऱ्याला दिसणार नाही अशा बाजूने, तडा वाढत गेला. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने हा अपघात पाठ केला आहे. आरामाची लहानशी तक्रार सोडवायला केलेला बदल साऱ्या व्यवस्थेच्या सुरक्षेला कसा छेद देतो, याचे याहून वेदनादायक उदाहरण मला माहीत नाही. २३ जुलै २०११ रोजी चीनमध्ये वेंझोऊजवळ दोन गाड्यांची टक्कर होऊन ४० जण दगावले, तिथे दोष चाकाचा नव्हता, सिग्नल यंत्रणेचा आणि ती हाताळण्याच्या पद्धतीचा होता. ताशी ३०० किलोमीटरने धावणारी गाडी थांबायला तीन किलोमीटरहून अधिक अंतर लागते, त्यामुळे चालकाने रुळाकडेचा सिग्नल पाहून ब्रेक लावणे शक्यच नसते. सूचना त्याच्यासमोरच्या पडद्यावर यावी लागते आणि त्याने ती न पाळल्यास यंत्रणेने स्वतः ब्रेक लावावा लागतो. दुसरीकडे, शिंकान्सेनमध्ये १९६४ पासून गाडी घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही. तेच चाक, तोच रूळ. फरक आहे तो भोवतीच्या शिस्तीचा.

आता चुंबकाच्या गाडीकडे येतो. मॅग्लेव्ह या एका नावाखाली दोन अगदी वेगळी तंत्रे आहेत. जर्मन ट्रान्सरॅपिडमध्ये गाडीचे हात मार्गाच्या तुळईखाली वळलेले असतात आणि साधे विद्युतचुंबक गाडीला खालून वर ओढतात. फट सुमारे १० मिलिमीटर असते आणि ती राखण्यासाठी नियंत्रक सतत प्रवाह कमीजास्त करत राहतो. जपानी तंत्रात गाडीवर नायोबियम-टायटेनियमची अतिसंवाहक (विजेला जराही विरोध न करणारी) वेटोळी असतात, ती द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेली असतात, आणि गाडी पुढे जाताना मार्गाच्या भिंतीतील वेटोळ्यांत निर्माण होणारा प्रवाहच तिला उचलून धरतो. त्यामुळे ताशी सुमारे १५० किलोमीटरपर्यंत ती रबरी चाकांवरच धावते आणि त्यानंतर उचलली जाते. इथे फट १० सेंटीमीटरच्या घरात असते, आणि जपानने हा अवघड मार्ग निवडण्याचे कारण हेच आहे: भूकंपाच्या देशात मार्ग थोडा हलला तरी गाडी भिंतीला घासू नये. देखभालीच्या दृष्टीने पाहिले, तर दहा मिलिमीटरची फट शेकडो किलोमीटर राखणे माझ्या तारेच्या एक मिलिमीटरच्या जवळ जाणारे काम आहे, आणि दहा सेंटीमीटरची फट त्या ओझ्यातून बरीच सुटका करते. २१ एप्रिल २०१५ रोजी यामानाशीच्या चाचणी मार्गावर ६०३ किलोमीटरचा विक्रम झाला तो याच तंत्राने, आणि त्या अभियंत्यांविषयी मला मनापासून आदर आहे.

मग हे तंत्र पसरले का नाही? पहिले कारण असे, की दोन्ही तंत्रांत मोटार गाडीत नसते, मार्गात असते. साध्या रेल्वेत रहदारी वाढली की तुम्ही आणखी गाड्या विकत घेता. इथे प्रत्येक मीटर मार्गात वेटोळी, त्यांना वीज पोहोचवणारी उपकेंद्रे आणि एका वेळी एकाच गाडीला हाकणारे विभाग आधीच बांधावे लागतात, मग दिवसाला दहा गाड्या धावोत की दोनशे. दुसरे कारण सांधे. रुळावर सांधा बदलणे म्हणजे दोन पोलादी जिभा काही सेंटीमीटर सरकवणे, आणि फ्रान्समध्ये असे सांधे आहेत ज्यांवरून गाडी ताशी सुमारे २२० किलोमीटरने वळण घेते. ट्रान्सरॅपिडमध्ये त्यासाठी शंभर मीटरच्या मापाची अख्खी पोलादी तुळई वाकवावी लागते, आणि जपानी तंत्रात मार्गाच्या भिंतींसकट तुकडा सरकवावा लागतो. ज्या व्यवस्थेत फाटे फोडणे इतके जड आहे, तिचे जाळे होत नाही. ती दोन टोकांमधली रेघ राहते.

तिसरे कारण मला सर्वांत निर्णायक वाटते. सप्टेंबर १९८१ मध्ये पॅरिस ते लिऑन अतिवेगवान सेवा सुरू झाली तेव्हा नवा मार्ग पूर्ण झालेलाच नव्हता. फक्त दक्षिणेचा भाग तयार होता. गाड्या पॅरिसच्या जुन्या स्थानकातून निघत, जुन्या रुळांवरून शहराबाहेर पडत, पुढे नव्या मार्गावर चढून ताशी २६० किलोमीटरने धावत आणि पुन्हा जुन्या रुळांवर उतरत. उत्तरेचा भाग १९८३ मध्ये जोडला गेला. बांधलेला प्रत्येक किलोमीटर त्याच दिवसापासून कामाला लागला, आणि ज्या गावांना नवा मार्ग शिवतही नव्हता तिथल्या फलाटांवरही तीच गाडी जाऊन उभी राहू लागली. याउलट शांघायची ३० किलोमीटरची मॅग्लेव्ह पाहा. ताशी ४३१ किलोमीटरने ती साडेसात मिनिटांच्या आत विमानतळावरून शहराच्या कडेला येत असे, पण तिथे उतरून प्रवाशाला मेट्रो धरावी लागे. पुढे तिचा कमाल वेगही ३०० वर आणला गेला. जर्मनीत बर्लिन ते हॅम्बुर्ग असा ट्रान्सरॅपिड मार्ग ठरला होता आणि प्रवास सुमारे तासाभराचा होणार होता. २००० साली ती योजना रद्द झाली. तोच पैसा नव्हे, त्याचा थोडासा भाग जुन्या मार्गावर खर्चून २००४ अखेर साध्या गाड्या २३० किलोमीटरने धावू लागल्या आणि दीड तासात पोहोचू लागल्या, तेही दोन्ही शहरांच्या मुख्य स्थानकांत. अर्ध्या तासासाठी संपूर्ण स्वतंत्र व्यवस्था उभारायची का, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले, ते मला योग्य वाटते. २२ सप्टेंबर २००६ रोजी एम्सलँडच्या चाचणी मार्गावर ट्रान्सरॅपिड मार्गावरच उभ्या असलेल्या देखभाल वाहनावर आदळली आणि २३ जण गेले. ही गाडी घसरू शकत नाही हे खरे होते, पण रात्री किंवा पहाटे कोणीतरी मार्ग साफ करायला जातोच, आणि त्या माणसाची नोंद ठेवणारी शिस्त तंत्राबरोबर आपोआप येत नाही.

फ्रान्समध्ये याआधी हवेच्या गादीवर धावणारी गाडीही झाली होती. जाँ बेर्तँ यांच्या एरोत्राँने मार्च १९७४ मध्ये ऑर्लेआंजवळच्या १८ किलोमीटरच्या मार्गावर ताशी ४३० किलोमीटर गाठले, आणि त्याच वर्षी प्रकल्प बंद झाला. तिलाही जुनी स्थानके आणि जुने सांधे वापरता येत नव्हते.

जपानची गोष्ट वेगळी आहे आणि ती वेगळी का आहे हे समजून घेतले पाहिजे. तिथली जुनी रेल्वे १०६७ मिलिमीटर रुंदीची आणि शिंकान्सेन १४३५ मिलिमीटरची, त्यामुळे शिंकान्सेनला जुन्या रुळांचा आधार मुळातच नव्हता. वेगळी व्यवस्था बांधण्याची किंमत त्यांनी १९६४ मध्येच चुकवली होती. शिवाय तोकाइदो मार्ग तुडुंब भरलेला आहे. १६ डब्यांच्या, १३२३ आसनांच्या गाड्या तासाला पंधरा-सतरापर्यंत एका दिशेने सुटतात, आणि मार्ग दीर्घकाळ बंद ठेवून त्याची डागडुजी करायची तर पर्यायी मार्ग हवाच. पर्यायी मार्ग बांधायचाच असेल, आणि दोन टोके ठरलेली असतील, तर मॅग्लेव्हच्या विरुद्धचे माझे बहुतेक आक्षेप गळून पडतात. म्हणून टोकियोच्या शिनागावापासून नागोयापर्यंतचा २८६ किलोमीटरचा, ४० मिनिटांत पोहोचवणारा चुओ मार्ग मला समर्थनीय वाटतो. मात्र त्याचा सुमारे ८६ टक्के भाग बोगद्यांत आहे. शिझुओका प्रांतात बोगद्यामुळे ओई नदीचे पाणी कमी होईल या आक्षेपाने काम अडले आणि २०२७ हे उद्दिष्ट सोडून द्यावे लागले. तिथे अडचण चुंबकाची नव्हती, डोंगरातल्या पाण्याची होती.

निर्वात नळीच्या कल्पनेचा हिशेब त्या मानाने लवकर आटोपतो. २०१३ मध्ये मांडल्या गेलेल्या हायपरलूपच्या आराखड्यात एका कुपीत २८ प्रवासी होते. ताशी १००० किलोमीटर वेगातून, बसलेल्या प्रवाशाला सोसेल इतक्या मंदनाने थांबायला सुमारे तेरा किलोमीटर आणि दीड मिनिट लागते, म्हणून दोन कुप्यांत सुरक्षितपणे दोन मिनिटांचे अंतर हवे. तासाला तीस कुप्या, म्हणजे ८४० प्रवासी. तोकाइदोवरची एकच भरलेली गाडी याहून अधिक माणसे नेते. नळीवर हवेचा दाब दर चौरस मीटरला दहा टन असतो, आणि पोलादी नळी ४० अंशांच्या तापमानफरकाने दर किलोमीटरला अर्धा मीटर लांब होते. निर्वात न गमावता तो अर्धा मीटर सामावणारे सांधे शेकडो किलोमीटर सांभाळायचे आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन माणसांना बसवून ५०० मीटरच्या नळीत ताशी १७२ किलोमीटरपर्यंत चाचणी झाली, आणि ती करणारी कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद पडली. तरुण अभियंत्यांनी यावर काम करू नये असे मी म्हणणार नाही. पण यासाठी एखाद्या प्रदेशाने रुळांचा मार्ग लांबणीवर टाकावा, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

चाकाची मर्यादा कुठे, या भागाचे उत्तर आता देता येईल. चीनमध्ये ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंग ते तिआनजिन मार्गावर ३५० किलोमीटरने सेवा सुरू झाली. २०११ मध्ये तिथल्या गाड्यांचा वेग ३०० वर उतरवला गेला आणि २०१७ मध्ये बीजिंग ते शांघाय मार्गावर तो पुन्हा ३५० झाला. डिसेंबर २०२४ मध्ये चीनने ४०० किलोमीटरने चालवायच्या गाडीचा नमुना दाखवला. तारेचा ताण आणि आवाज यांवर जे काम झाले आहे ते पाहता ४०० पर्यंत चाक पोहोचेल असे मला वाटते. त्यापुढे रोजच्या सेवेत जाणे शक्य असले, तरी कार्बनपट्ट्या, रूळ घासणे, खडी उडणे आणि विजेचे बिल यांचा खर्च मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांना परवडणार नाही. तिथून पुढचा प्रदेश मॅग्लेव्हचा आहे, आणि तो अरुंद प्रदेश आहे: दोन प्रचंड शहरे, मध्ये थांबे थोडे आणि आधीचा मार्ग भरून वाहणारा.

नवा मार्ग आखणाऱ्यांना मी तंत्राच्या निवडीआधी दोन आकडे विचारतो, वळणाची त्रिज्या आणि बोगद्याचा छेद. गाडी तीसेक वर्षांत बदलते, तार आणि रूळ त्याच सुमारास बदलतात, सिग्नल यंत्रणा त्याआधीच. डोंगर कापून केलेले वळण आणि बोगद्याचे तोंड मात्र शतकभर तसेच राहते. ३५० च्या वेगासाठी चीन ७००० मीटर त्रिज्या आणि दुहेरी मार्गाच्या बोगद्याला सुमारे १०० चौरस मीटर छेद देतो. तोकाइदो मार्गावर १९६४ मध्ये २१० च्या वेगासाठी २५०० मीटर त्रिज्या पुरेशी वाटली होती, आणि त्या काळाच्या मानाने ती उदारच होती. ओसाकाच्या पुढे जाणारा सान्यो मार्ग काही वर्षांतच ४००० मीटरने बांधला गेला आणि तिथे १९९७ पासून ३०० चा वेग मिळाला. तोकाइदोवर मात्र डब्याला हवेच्या स्प्रिंगांनी एक अंश कलवण्याची युक्ती येईपर्यंत त्या वळणांवर २७० चा वेगही धरता येत नव्हता, आणि ती युक्ती, नव्या मोटारी, हलके डबे आणि सुधारलेले ब्रेक हे सगळे वापरून २०१५ मध्ये कमाल वेग २८५ झाला. त्याच गाड्या सान्योच्या हद्दीत शिरल्या की ३०० ने धावू लागतात.